चाकावरची अश्वशक्ती

एखाद्या यंत्राची शक्ती किती, हा प्रश्न विचारावयास सोपा आहे. पण ती कोठे मोजली, कशी मोजली आणि कोणत्या हवेत मोजली हे ठाऊक नसेल, तर त्या प्रश्नाच्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. मोटारगाडीच्या माहितीपुस्तिकेत अश्वशक्तीचा एक आकडा छापलेला असतो. तीच गाडी एखाद्या कार्यशाळेत रोलरवर उभी करून तिच्या मागच्या चाकांशी शक्ती मोजली, तर निराळाच आकडा हाती येतो, आणि तो बहुधा पुष्कळच लहान असतो. मग मालकाला वाटते की, कारखान्याने आपल्याला फसविले. कारखान्याला वाटते की, मोजणाऱ्याचे यंत्र सदोष आहे. वस्तुतः दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात.

विषय समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायपूर येथील एका गृहस्थांजवळ मागच्या चाकांना गती देणारी एक वेगवान गाडी आहे. मे महिन्याच्या एका दुपारी त्यांनी तिची शक्ती मोजून घेतली. मागच्या चाकांशी १८५ अश्वशक्ती भरली. पुढे त्यांनी ती गाडी एका कारागिराच्या स्वाधीन केली. त्याने हवा आत घेणारी नळी बदलली, धूर बाहेर टाकणारी नळी बदलली, इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील मांडणीही बदलली. डिसेंबरमध्ये गाडी पुन्हा त्याच यंत्रावर चढविली, तेव्हा आकडा आला १९५. दहा अश्वशक्ती वाढल्या असे कारागीर म्हणतो, आणि कागदही तेच सांगतो. गृहस्थांनी त्याचे मोठे बिल समाधानाने चुकते करावे काय? या प्रश्नाचे उत्तर प्रकरणाच्या शेवटी देऊ. तोपर्यंत वाचकांना ते स्वतःच काढता येईल, अशी आशा आहे.

घोडा, बैल आणि यंत्र

अश्वशक्ती हे परिमाण जेम्स वॉट याने रूढ केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला आपली वाफेची यंत्रे अशा लोकांना विकावयाची होती की, ज्यांच्या गिरण्या आणि पंप घोडे चालवीत असत. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अगदी साहजिक होता: तुमचे यंत्र किती घोड्यांचे काम करील? वॉटने हिशेब ठरविला, तो असा: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या परिमाणात ती सुमारे ७४६ वॅट भरते. युरोप खंडातील देशांनी पुढे मेट्रिक अश्वशक्ती स्वीकारली. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे ही तिची व्याख्या, आणि ती होते ७३५.५ वॅट. या दोहोंत दीड टक्क्याहून थोडा कमीच फरक आहे. पण मोठ्या आकड्यांत तो डोळ्यांत भरतो. २०१६ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या फोर्ड मस्टँग या गाडीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती कोणी ४०१ सांगे, तर कोणी ३९५. वाद घालणाऱ्या दोघांचेही म्हणणे बरोबर होते. एकाची अश्वशक्ती मेट्रिक होती, दुसऱ्याची ब्रिटिश, एवढेच.

शक्ती म्हणजे नुसते बळ नव्हे, हे येथे नीट ध्यानात घ्यावयास हवे. आपल्याकडे उसाचा चरक बैल फिरवीत असत. चरकाची दांडी जितकी लांब, तितका मधल्या लाटेवर पडणारा पीळ अधिक. बैल तोच आणि त्याचे ओढणेही तेच; पण लांब दांडीने पीळ वाढतो आणि त्या प्रमाणात फेऱ्या मंदावतात. या पिळालाच मोटारीच्या परिभाषेत टॉर्क म्हणतात. पीळ आणि दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजला असेल, तर त्याला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागावे. उत्तर किलोवॅटमध्ये येते. एखादे इंजिन ३,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर पीळ देत असेल, तर त्या क्षणी त्याची शक्ती सुमारे १२६ किलोवॅट असते. तेच इंजिन ६,००० फेऱ्यांवर ३६० न्यूटन-मीटरच पीळ देत असले, तरी शक्ती मात्र २२६ किलोवॅट होते. पीळ घटला, पण शक्ती वाढली. वेगवान गाड्यांची इंजिने इतक्या जलद का फिरवितात, याचे रहस्य या गुणाकारात आहे.

या गुणाकारापासून आणखी एक निष्कर्ष निघतो. गियर बदलला की चाकाशी पोहोचणारा पीळ बदलतो, पण शक्ती बदलत नाही. दंतचक्रे पीळ वाढवितात तेव्हा त्याच प्रमाणात फेरे कमी करतात. पहिल्या गियरमध्ये गाडी जोराने उसळते म्हणून इंजिनाला अधिक घोडे जुंपले गेले, असे नव्हे.

आता मोटेचे उदाहरण घेऊ. बैल धावेवरून खाली जातात, नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडते. बैलांच्या खांद्याशी जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी सगळी थारोळ्यातील पाण्यात उतरत नाही. थोडी चाकाच्या कण्याशी घासून जाते, थोडी नाड्याच्या वाकण्या-ताणण्यात जाते, थोडे पाणी वाटेतच गळून विहिरीत परत पडते. बैलांची शक्ती किती, हा एक प्रश्न झाला. पाटाला पाणी किती लागले, हा दुसरा. मोटारीच्या इंजिनाशी मोजलेली शक्ती ही बैलांच्या खांद्याशी मोजलेली शक्ती होय. मागच्या चाकाशी मोजलेली शक्ती ही थारोळ्याशी केलेली मोजणी होय.

ब्रेक लावून शक्ती मोजणे

फिरत्या दांड्याची शक्ती मोजण्याची पहिली सोपी युक्ती फ्रान्समधील अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये काढली. त्याने फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा चिमटा बसविला, चिमट्याला एक लांब दांडी जोडली आणि तिच्या टोकाला वजने टांगली. दांडा चिमट्याला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, वजने त्याला अडवून धरतात. दांडी आडवी स्थिर राहिली की, वजन आणि दांडीची लांबी यांच्या गुणाकाराने पीळ कळतो. फेरे मोजले की शक्ती कळते. इंजिनाला ब्रेक लावून मोजलेली ही शक्ती म्हणून तिला ब्रेक हॉर्सपॉवर हे नाव पडले, आणि ते आजही जाहिरातींतून वाचावयास मिळते.

प्रोनीचे लाकूड मोठ्या यंत्रापुढे जळून जाई. म्हणून १८७७ मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या प्रचंड यंत्रांसाठी पाण्याचा ब्रेक तयार केला. त्यात फिरते चक्र पाणी घुसळते आणि पाण्याच्या विरोधावरून पीळ मोजला जातो. पुढे विद्युत-चुंबकीय ब्रेक आले. चुंबकीय क्षेत्रात धातूची तबकडी फिरविली की, तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतात आणि ते तिच्या गतीला विरोध करतात. चुंबकाचा प्रवाह कमीअधिक करून हा विरोध हवा तसा ठेवता येतो. या सर्व साधनांना मिळून डायनॅमोमीटर, म्हणजे शक्तिमापक, म्हणतात. नावे आणि रूपे निरनिराळी असली, तरी तत्त्व प्रोनीचेच आहे: फिरणाऱ्याला अडवा, आणि अडविण्यास किती बळ लागले ते मोजा.

इंजिनाशी मोजलेली शक्ती आणि प्रत्यक्ष कामी आलेली शक्ती यांतील फरक रेल्वेच्या अभियंत्यांनी मोटारवाल्यांच्या कितीतरी आधी ओळखला होता. आगगाडीच्या इंजिनामागे मोजणीचा स्वतंत्र डबा जोडून ओढीचे बळ आणि वेग यांची नोंद कागदाच्या पट्टीवर घेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर चार्ल्स बॅबेज याने असे प्रयोग केले. गणकयंत्राची कल्पना मांडणारा बॅबेज तो हाच. ३ जुलै १९३८ रोजी मॅलर्ड नावाच्या वाफेच्या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा उच्चांक केला, तोही अशाच मोजणीच्या डब्यातील पट्टीवर नोंदला गेला. रेल्वेच्या माणसाला इंजिनाच्या सिलिंडरातील शक्तीपेक्षा डब्यांच्या आकड्याशी किती ओढ पोहोचते, याचे महत्त्व अधिक असते. मोटारीच्या बाबतीत या आकड्याची जागा मागच्या चाकांनी घेतली आहे.

इंजिनापासून चाकापर्यंतची वाट

जुन्या अँबॅसडर अथवा प्रीमियर पद्मिनी गाडीखाली वाकून पाहिलेल्या वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि गियरबॉक्स, तेथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांचे जॉइंट, मागे डिफरन्शियल आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघणारे ॲक्सल. या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी जकात द्यावी लागते. गियरबॉक्समध्ये दात एकमेकांवर घासतात आणि घट्ट तेल घुसळले जाते. डिफरन्शियलमध्ये तर गतीची दिशाच काटकोनात वळवावी लागते. तेथील वक्र दातांची चक्रे एकमेकांवर नुसती टेकत नाहीत, तर सरकतात, आणि सरकणे म्हणजे घर्षण. बेअरिंग, तेलाच्या सीलपट्ट्या, किंचित घासणारे ब्रेक यांचाही वाटा असतो. शेवटी रबरी टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात गेलेली शक्ती टायर गरम करते.

या साऱ्या जकातीची बेरीज किती? मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनाच्या शक्तीपैकी सुमारे १५ टक्के वाटेत खर्च होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मस्टँगला तो लावला, तर ४०१ मेट्रिक अश्वशक्तींपैकी ३४१ चाकांशी पोहोचतील. अंदाज म्हणून हा ठोकताळा उपयोगी आहे. नियम म्हणून तो चुकीचा आहे. काही खर्च भाराबरोबर वाढतो, काही फेऱ्यांबरोबर वाढतो, तर काही जवळजवळ ठरलेला असतो. इंजिनाची शक्ती दुप्पट केली म्हणून तेल घुसळण्याचा खर्च दुप्पट होत नाही. तेल थंड असता तो अधिक असतो, तापल्यावर कमी होतो. मोजणीपूर्वी गाडी चांगली चालवून तापवितात, ती याचसाठी. ज्या गियरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्या एकास एक प्रमाणाच्या किंवा त्याच्या जवळच्या गियरमध्ये मोजणी करतात, ती दंतचक्रांची जकात कमीत कमी पडावी म्हणून.

पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत ही वाट आखूड असते. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले होते. प्रोपेलर शाफ्ट नाही, काटकोनातले वळण नाही. म्हणून खर्चही त्या मानाने कमी. शक्तिमान गाड्या मात्र पुष्कळदा मागच्या चाकांनाच गती देतात. गाडी जोराने पुढे झेपावली की तिचा भार मागे सरकतो आणि मागचे टायर जमीन घट्ट धरतात. थोडी जकात देऊन ही पकड विकत घेतलेली असते.

रोलरवर उभी गाडी

चाकाशी शक्ती मोजण्याच्या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे जमिनीत बसविलेला लोखंडी रोलर. गाडीची मागची चाके त्यावर चढवितात, गाडी पट्ट्यांनी जखडून टाकतात आणि समोर मोठा पंखा लावतात. मग ठरलेल्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कमी फेऱ्यांपासून जास्तीत जास्त फेऱ्यांपर्यंत इंजिन नेतात. गाडी जागीच राहते, रोलर मात्र फिरू लागतो.

या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात रोलर अतिशय जड असतो, आणि त्याचे जडत्व हाच इंजिनावरील भार. येथे ब्रेक लावावा लागत नाही. रोलर किती लवकर वेग घेतो, एवढेच मोजावयाचे. एक हिशेब करून पाहू. रोलरचे जडत्व त्याच्या पृष्ठभागाशी १,००० किलोग्रॅम वस्तुमानाइतके आहे असे धरू. त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरत असता त्यात ४,५०,००० जूल गतिज ऊर्जा असते. वेग ३२ मीटर झाला की ती ५,१२,००० जूल होते. म्हणजे चाकांनी रोलरला ६२,००० जूल दिले. याला ०.४२ सेकंद लागले असतील, तर शक्ती झाली सुमारे १४८ किलोवॅट, म्हणजे १९८ अश्वशक्ती. आता मोजणीत सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक होऊन वेळ ०.४१ सेकंद नोंदला गेला, असे समजा. उत्तर २०३ येईल. डोळ्याचे पाते लवण्यास लागतो त्याहूनही लहान काळात पाच घोडे आले किंवा गेले! यंत्र काळजीपूर्वक का पारखलेले असावे लागते, हे यावरून कळेल.

दुसऱ्या प्रकारात रोलरला विद्युत-चुंबकीय ब्रेक जोडलेला असतो. त्यामुळे इंजिन एकाच गतीवर धरून ठेवता येते आणि चढण चढल्यासारखा भार देता येतो. इंजिनाची सारी शक्ती येथे उष्णतेत बदलते. १५० किलोवॅट म्हणजे दीड किलोवॅटच्या शंभर शेगड्या एकाच वेळी पेटविल्यासारखे आहे. म्हणून ही यंत्रे फार वेळ पूर्ण भारावर ठेवता येत नाहीत.

या दोन प्रकारांची उत्तरे तंतोतंत जुळत नाहीत, यात नवल नाही. जडत्वाच्या यंत्रावर इंजिन रोलरलाच नव्हे, तर स्वतःच्या फ्लायव्हीलला, ॲक्सलना आणि चाकांनाही वेग देत असते. त्यात गेलेली शक्ती रोलरवर दिसत नाही. जड चाके काढून हलकी बसविली, तर इंजिनाला हातही न लावता आकडा थोडा वाढतो. ही वाढ खोटी नव्हे; रस्त्यावर वेग घेतानाही तिचा लाभ होतो. मात्र ती इंजिनाची शक्ती नव्हे. स्थिर गतीवर ब्रेकने मोजले, तर ती नाहीशी होते.

टायरमधील हवा कमी असली, पट्टे फार आवळून चाके रोलरवर दाबली, रोलर लहान व्यासाचा असला, तर टायर अधिक दबतो आणि आकडा घटतो. काही कार्यशाळा शेवटी क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू देतात, त्या मंदावण्यावरून वाटेतील खर्च काढतात आणि तो मिळवून इंजिनाच्या शक्तीचा अंदाज सांगतात. पद्धत चांगली आहे. पण दातांवर भार नसताना त्यांचे घर्षण भारासह असते त्याहून कमी भरते, हे विसरता कामा नये.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. रोलरवरची गाडी उभी दिसते, पण तिची चाके ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने फिरत असतात. टायर फुटला, पट्टा तुटला किंवा टायरच्या खाचेतील खडा सुटला, तर तो गोळीसारखा येतो. गाडीच्या मागे अथवा समोर कोणीही उभे राहू नये. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. म्हणून धूर नळीने बाहेर काढलाच पाहिजे.

रायपूरची हवा

इंजिन पेट्रोल जाळते हे आपण जाणतो. पण ते मुख्यतः हवा ओढणारे यंत्र आहे, हे सहसा लक्षात येत नाही. एका फेरीत सिलिंडरमध्ये जेवढा प्राणवायू येईल, तेवढेच पेट्रोल जाळता येते. हवा तापली की विरळ होते. उंचीवर गेले की दाब घटतो. हवेत वाफ असली की तिने प्राणवायूची जागा अडविलेली असते. या तिन्ही कारणांनी शक्ती कमी होते.

म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या मोजण्या एका प्रमाण हवेवर आणाव्या लागतात. प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही प्रमाण हवा म्हणजे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि वाफेचा भाग वगळून ९९ किलोपास्कल दाब. पेट्रोल इंजिनासाठी दाबांच्या गुणोत्तराचा १.२ वा घात आणि निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात यांच्या गुणाकाराने एक गुणक मिळतो. मोजलेल्या शक्तीला त्याने गुणावयाचे.

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातील दुपारी तापमान ४४ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९५.५ किलोपास्कल आहे, असे धरू. गुणक येतो सुमारे १.०८. डिसेंबरच्या एखाद्या दिवशी तापमान २५ अंश आणि दाब ९७ किलोपास्कल धरला, तर गुणक येतो सुमारे १.०२५. म्हणजे इंजिनात काडीचाही बदल न करता मे आणि डिसेंबर यांच्या मोजणीत पाच-साडेपाच टक्क्यांचा फरक पडावयाचा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही पद्धत स्वतःच्या मर्यादाही सांगते. गुणक ०.९३ ते १.०७ यांच्या दरम्यान असेल, तरच चाचणी ग्राह्य. त्यापलीकडे हवेचा परिणाम अशा साध्या सूत्रात बसत नाही; अति उष्ण हवेत इंजिनाचा संगणक खटका बसू नये म्हणून ठिणगी मागे घेतो, आणि ते सूत्राला कळत नाही. रायपूरच्या मे महिन्यातील दुपार या मर्यादेबाहेर पडते. त्या दुपारचा आकडा कितीही सुंदर कागदावर छापला, तरी प्रमाण म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

गुणक हे फसवणुकीचेही साधन होऊ शकते. हवेचे तापमान मोजणारा तापमापी इंजिनाच्या टोपणाजवळ ठेवला आणि त्याने २५ ऐवजी ५५ अंश दाखविले, तर एवढ्यानेच गुणक सहा टक्क्यांनी फुगतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाचीही गोष्ट निराळी आहे. तेथे पंखा हवा दाबून भरतो आणि विरळ हवेची उणीव स्वतःच बरीचशी भरून काढतो. त्यावर पुन्हा पूर्ण गुणक लावणे म्हणजे एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेणे होय.

छापील आकडा कोठून येतो

कारखान्याचा आकडा चाकाशी नव्हे, तर इंजिन गाडीतून काढून चाचणी-मंचावर मोजलेला असतो. तेथेही पूर्वी गोंधळ होता. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिन उघडे ठेवून, पंखा, धुराची पूर्ण नळी वगैरे काढून टाकून मोजणी करीत आणि तो फुगीर आकडा जाहिरातीत देत. १९७२ पासून सर्व साधने जोडून निव्वळ शक्ती सांगण्याची पद्धत आली. त्यामुळे शेवरोले कॉर्वेट गाडीचे साधे इंजिन एका वर्षात २७० वरून २०० अश्वशक्तींवर उतरले. इंजिन जवळजवळ तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार नवीन नमुन्याची गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. इंजिनाच्या शक्तीची मोजणी भारतीय मानकात सांगितलेल्या पद्धतीने होते आणि तीत निव्वळ शक्तीच धरतात. या संस्थांपैकी महाराष्ट्राच्या अधिक परिचयाची म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर फिरावयास जाणारे पुणेकर तिच्या आवारावरूनच पुढे जातात. अशा संस्थांत गाड्या रोलरवरही चढवितात. पण तेथील मुख्य हेतू निराळा असतो. रस्त्यावरचा वाऱ्याचा आणि टायरचा विरोध रोलरवर निर्माण करून, गाडी ठरावीक वेगांच्या क्रमाने चालवून तिच्या धुरातील प्रदूषक द्रव्ये मोजावयाची असतात. रोलर तोच, प्रश्न वेगळा. रायपूरहून पश्चिमेला इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेग चाचणी-मार्ग खुला झाला. तेथे गाडी खऱ्या वाऱ्याशी झुंजते. रोलरवर जो विरोध कल्पनेने द्यावा लागतो, तो तेथे आपोआप मिळतो.

कागद कसा वाचावा

आता रायपूरच्या गृहस्थांकडे परत येऊ. मे महिन्यातील १८५ ला १.०८ ने गुणले, तर २०० येतात. डिसेंबरच्या १९५ ला १.०२५ ने गुणले, तरीही २००. ज्या दहा अश्वशक्तींसाठी बिल आले, त्या कारागिराने निर्माण केलेल्या नसून हिवाळ्याने दिलेल्या होत्या. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कारागीर लबाड असलाच पाहिजे असे नाही. तो स्वतःही त्या कागदाला फसला असेल. आणि मेची मोजणी मर्यादेबाहेरची असल्यामुळे त्याच्या कामाने काहीच लाभ झाला नाही, हेही या दोन कागदांवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, या कागदांवरून काहीच सिद्ध होत नाही.

मग त्यांनी काय करावयास हवे होते? दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची मोजणी शक्यतो एकाच दिवशी, थंड वेळी, त्याच यंत्रावर करावी. दोन्ही वेळा गियर तोच असावा, टायर तेच व त्यांतील हवा तितकीच असावी, पेट्रोल तेच असावे, तेल सारखेच तापलेले असावे. प्रत्येक वेळी किमान तीन धावा घ्याव्यात. कारण लागोपाठच्या धावांतही एखाद्या टक्क्याचा फरक पडतोच, आणि त्याहून लहान वाढीला वाढ म्हणू नये. नवे भाग काढून जुने पुन्हा बसविता येत असतील, तर तसे करून तिसऱ्यांदा मोजावे. आकडा पूर्वीच्या जागी परत आला, तरच वाढ त्या भागांची. कागदावर मूळ आकडा, गुणक, तापमान आणि दाब हे चारही छापून मागावेत. नुसता सुधारलेला आकडा स्वीकारू नये. आणि एका टोकाच्या आकड्यापेक्षा संपूर्ण आलेख पाहावा. कारण रोजच्या रस्त्यावर गाडी सर्वाधिक फेऱ्यांवर क्वचितच चालते. शिखर पाच घोड्यांनी उंचावले, पण मधला भाग खचला, तर मालकाचे नुकसानच झाले.

चाकाशी मोजलेला आकडा छापील आकड्याहून लहान असतो, म्हणून तो कमी प्रतिष्ठेचा नव्हे. गाडी शेवटी त्याच शक्तीवर धावते. शेतकरी बैलांचे कौतुक करतो, त्यांना चांगला चाराही घालतो. पण संध्याकाळी हिशेब करताना पाटाला किती पाणी लागले, हेच पाहतो. आणि मोट गळकी आहे असे दिसले, तर नवे बैल विकत घेण्यापूर्वी ती शिवून घेतो.